शेवटच्या क्रमांकाचा इतिहास



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा संस्थेच्या चिटणीसांनी मला सहजच विचारले, "सर, विषय काय? संत वाङ्मय की मराठी गद्य?" उभा जन्म मराठी शिकविण्यात गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच होते. मी उत्तरलो, "फुटबॉल." दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग मी जोडले, "आणि तोही हरलेल्या संघाचा." ती शांतता आणखी वाढली.

परंतु ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज येथे जमलो आहोत, त्या आपल्या सरांना हा विषय परका वाटला नसता. ते या शाळेत व्यायाम शिकवीत, आणि इतिहासाचे शिक्षक रजेवर गेले की इतिहासही शिकवीत. या दोन विषयांत त्यांना फारसा भेद वाटत नसे. त्यांनी मला शिकविलेला इतिहासाचा सर्वांत मोठा धडा वर्गात नव्हे, तर मैदानावर शिकविला. तो कोणता, हे मी शेवटी सांगेन. आधी आपणांस एका दूरच्या गावी न्यावयाचे आहे. ते गाव दूरचे असले तरी सुरतेशी त्याचे नाते मोठे जुने आहे, आणि फारसे गोड नाही.

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर परगण्यात, ब्लॅकबर्न शहराच्या दक्षिणेस चारपाच मैलांवर डार्वेन नावाचे एक गिरणगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची वस्ती सुमारे ३८ हजारांची होती. गिरण्यांची धुराडी, दगडी चाळींच्या रांगा, आणि पहाटे भोंग्याबरोबर रस्त्यावर उतरणारे स्त्रीपुरुष, असे ते गाव. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत वाढलेल्या माणसाला त्याचे वर्णन वेगळे करून सांगावयास नको.

या लँकेशायरच्या बोलीत 'सुरत' हा शब्द एके काळी जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. १८६५ पर्यंत चाललेल्या या संकटाला तेथील इतिहासात 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. मग हिंदुस्थानातून कापूस जाऊ लागला. तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा, व्यापारात त्याचे नाव एकच: सुरत. हा कापूस आखूड धाग्याचा. त्यात कचरा फार. अमेरिकन कापसासाठी बांधलेल्या यंत्रांवर त्याचा धागा घडोघडी तुटे. मजुरी कामाच्या मापावर असल्यामुळे तुटलेल्या प्रत्येक धाग्यागणिक विणकराचा पगार तुटे. साहजिकच जे जे हलके, भेसळीचे, ते ते 'सुरत' ठरले. कोणी एका बिअर गाळणाऱ्यांना जाहिरातीत 'सुरतवाले' म्हटले, तेव्हा त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. एका प्रार्थनासभेत 'देवा, आम्हांस कापूस दे' अशी याचना झाली असता कोणी कोपऱ्यातून 'पण सुरतेचा नको' असे म्हटल्याची आख्यायिका तेथे सांगितली जाते.

ज्या खानदेशी शेतकऱ्याने तो कापूस पिकविला, त्याची नातवंडेपतवंडे पुढे ताप्तीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीत बसून याच सुरतेत माग चालवावयास आली. माझे वडील त्यांपैकीच एक. तेव्हा डार्वेनचा विणकर आणि माझे वडील यांची गाठ कधी पडली नसली, तरी एकाच तुटक्या धाग्याच्या दोन टोकांना दोघे उभे होते, असे म्हणावयास हरकत नसावी.

आता फुटबॉलकडे वळतो.

कोणताही खेळ जन्मास येण्यासाठी चेंडू लागतो, मैदान लागते. परंतु त्याहून आधी मोकळी दुपार लागते. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली कारखान्यांविषयीचा जो कायदा केला, त्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्याविना गिरणी चालणे कठीण, म्हणून पुरुषही सुटले. शतकानुशतके जी दुपार मालकाची होती ती मजुराची झाली. या दुपारी काय करावयाचे, या प्रश्नाला उत्तर इंग्लंडने पुढच्या पिढीत फुटबॉलच्या रूपाने दिले. इंग्लंडातील सामने शनिवारी दुपारी होण्याची जी परंपरा आहे, तिचे मूळ या कायद्यात आहे.

आपल्याकडे ही मोकळीक उशिरा आली आणि ती मागून घ्यावी लागली. १८८४ साली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था काढणारे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९१ साली, मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. रोव्हर्स चषक आरंभी गोऱ्या पलटणींचाच होता. पण मैदानाच्या कडेला गर्दी करणारा जो साधा माणूस पुढे आला, त्याच्या खिशात लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार होता, एवढे मात्र खरे.

डार्वेनचा फुटबॉल क्लब १८७० साली स्थापन झाला. हॅरो येथील प्रख्यात शाळेत शिकून आलेल्या एका गिरणीमालकाच्या मुलांनी हा खेळ गावात आणला आणि गिरणीतल्या पोरांनी तो आपलासा केला. १८७८ साली ग्लासगोहून फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह हे दोन खेळाडू येथे आले. सूटर व्यवसायाने पाथरवट. लँकेशायरचा दगड फार कठीण आहे, अशी सबब सांगून त्याने लवकरच छिन्नी खाली ठेवली. मग त्याचे पोट कशावर चालत होते? खेळण्यासाठी पैसे घेणे तेव्हा नियमबाह्य होते. ते १८८५ साली मान्य झाले. म्हणूनच व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्या खेळाडूंत आज या दोघांची गणना होते.

१८७९ च्या फेब्रुवारीत डार्वेनचा संघ एफ. ए. चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. उमराव घराण्यांतील मुले. सामना लंडनच्या ओव्हल मैदानावर. डार्वेनचा संघ एकास पाच असा मागे पडला, आणि अखेरच्या पंधराएक मिनिटांत त्याने चार गोल करून बरोबरी साधली. जादा वेळ खेळण्यास इटोनियन्सनी नकार दिला. नियमाप्रमाणे पुढचा सामनाही लंडनलाच. गावात वर्गणी गोळा झाली. दुसरा सामना २–२ असा बरोबरीत सुटला. पुन्हा वर्गणी, पुन्हा दोनशे मैलांचा प्रवास. तिसऱ्या सामन्यात दमलेला डार्वेन संघ ६–२ असा हरला.

या पराभवाची कथा इंग्लंडात आजही कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगणे सोपेही आहे. कारण तो शूराचा पराभव होता. इतिहासाला अशा पराभवांचे वावडे नसते. पानिपत आपणही विसरलेलो नाही. मला मात्र आज त्याच संघाच्या दुसऱ्या एका मोसमाविषयी बोलावयाचे आहे. त्यात शौर्याचा सोहळा नाही. तो फक्त पराभव आहे.

१८८८ साली इंग्लंडात १२ संघांची 'फुटबॉल लीग' सुरू झाली. बाद पद्धतीत एका पराभवाने खेळ संपतो. साखळी पद्धतीत तसे नसते. तुम्ही आज हरलात तरी पुढच्या शनिवारी पुन्हा उभे राहावयाचे असते. १८९१ साली डार्वेनला या लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि पहिल्याच मोसमात तो तळाशी गेला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याला १२–० असे हरविले. १८९२ साली लीगचा दुसरा विभाग निघाला, तेव्हा डार्वेनची रवानगी तेथे झाली. एकदा तो वर आला, पुन्हा खाली गेला.

या चढउतारासाठी त्या काळी 'कसोटी सामने' होत. वरच्या विभागातले तळाचे संघ आणि खालच्या विभागातले अव्वल संघ यांची गाठ घालीत. १८९८ साली स्टोक आणि बर्नली यांच्यात असाच सामना होता. बरोबरी झाल्यास दोघांचेही काम भागणार होते. मग काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता. नव्वद मिनिटे चेंडू इकडून तिकडे गेला. गोल करण्याचा खराखुरा प्रयत्न कोणी केला नाही. निकाल ०–०. प्रेक्षक संतापले. लीगने कसोटी सामने रद्द केले आणि ठरविले की यापुढे प्रत्येक मोसमाअखेर खालचे पहिले दोन संघ आपोआप वर जातील आणि वरचे शेवटचे दोन आपोआप खाली येतील. आज जगभर चालणारा बढती-उतरणीचा नियम अशा एका अप्रामाणिक बरोबरीतून जन्मास आला.

या नियमाचा पहिला मोसम १८९८–९९ चा. दुसऱ्या विभागात १८ संघ, प्रत्येकाचे ३४ सामने. त्यात मँचेस्टर सिटी होता. न्यूटन हीथ होता, ज्याचे १९०२ साली 'मँचेस्टर युनायटेड' असे नामांतर झाले. वुलविच आर्सेनल होता. आज आपल्या घरांतली मुले ज्यांची नावे पाठीवर मिरवितात, ते संघ त्या वर्षी डार्वेनच्याच पंगतीला बसले होते.

त्या मोसमातील डार्वेनचा हिशेब असा: सामने ३४, विजय २, बरोबरी ५, पराभव २७. केलेले गोल २२, स्वीकारलेले गोल १४१. गुण ९. सलग १८ सामने तो हरला. १८९८ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी न्यूटन हीथने त्याला ९–० असे धुतले. मँचेस्टर सिटी, वॉलसॉल आणि लफबरो या तीन संघांनी प्रत्येकी एकदा १०–० असे हरविले.

श्रोतेहो, हे आकडे ऐकून सभागृहात थोडे हसू उमटले, ते मी ऐकले. मीही प्रथम वाचले तेव्हा हसलो होतो. पण मग मी एक साधी गोष्ट करून पाहिली. तो हिशेब एकेका शनिवारचा म्हणून वाचला. सकाळी गिरणीच्या गावातून गाडी पकडायची. परगावी जायचे. दहा गोल खायचे. रात्री त्याच गाडीने परतायचे. गावात वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याला निकाल सांगायचा. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा निघायचे. अठरा सामने सलग हरलेला संघ एकोणिसाव्या सामन्याला मैदानावर हजर राहतो, ही घटना मला तरी विजयाहून अधिक विचार करावयास लावणारी वाटते.

हे असे का झाले? उत्तर अर्थकारणात आहे. खेळाडूंना पैसे देणे वैध झाल्यावर मोठ्या शहरांचे संघ तिकिटांच्या उत्पन्नावर चांगले खेळाडू घेऊ लागले. डार्वेनच्या वेशीलगत ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखा बलाढ्य संघ होता. खुद्द सूटर १८८० सालीच तिकडे गेला होता. लहान गावाने खेळाडू घडवावा आणि मोठ्याने तो न्यावा, हा क्रम तेव्हा सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. याला अपवाद नव्हता असे नाही. त्याच मोसमात, त्याच विभागात ग्लॉसप हे आणखी लहान कापडगाव दुसरे आले आणि पहिल्या विभागात चढले. परंतु ग्लॉसपच्या पाठीशी सॅम्युएल हिल-वुड हा धनाढ्य गिरणीमालक होता. डार्वेनच्या पाठीशी गावाची वर्गणी होती. वर्गणीवर एक प्रवास होतो, दोन होतात. चौतीस सामने निभावणे कठीण असते.

त्या मोसमानंतर डार्वेन फुटबॉल लीगच्या बाहेर पडला आणि पुन्हा कधीही परतला नाही. १४१ गोल आणि सलग १८ पराभव मात्र विक्रमांच्या पुस्तकात राहिले. येथे प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. तो मोसम संपला १८९९ च्या वसंतात. त्याच वर्षी इकडे पाऊस रुसला आणि गुजरातवर संवत १९५६ चा, म्हणजे 'छप्पनियाचा' दुष्काळ कोसळला. तिकडे गोल मोजले जात होते. इकडे मोजण्यासारखे जे होते ते फार भयंकर होते. खेळातला पराभव हा पराभवांतला सर्वांत सौम्य. माणसाने पराभव पचविण्याचा सराव करावा म्हणूनच खेळ निर्माण झाले असतील काय, असा विचार माझ्या मनात कधी कधी येतो.

डार्वेनची गोष्ट येथे संपत नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी लँकेशायरला आले. विदेशी कापडावरील बहिष्कारामुळे तेथील गिरण्या बंद पडत होत्या. बेकारांच्या रांगा लागल्या होत्या. ज्यांच्या रोजीवर आपल्या चळवळीचा घाव पडला त्यांना भेटावे, म्हणून गांधीजी गेले ते याच डार्वेनला. तेथील गिरणीतल्या कामकरी स्त्रियांच्या घोळक्यात हसत उभे असलेले त्यांचे छायाचित्र आपण पाहिले असेल. तुमचे दुःख खरे आहे, पण हिंदुस्थानच्या खेड्यातले दारिद्र्य याहून फार खोल आहे, अशा आशयाचे त्यांनी त्या लोकांना सांगितले. आणि त्या लोकांनी ते ऐकून घेतले. ज्या गावात सुरतेचे नाव कधी काळी तिरस्काराने घेतले गेले असेल, त्या गावाने एका गुजराती पाहुण्याचे असे स्वागत केले. हरण्याची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याचे हरणे लवकर समजते की काय, कोण जाणे!

त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ जानेवारी १९३२ रोजी, एफ. ए. चषकात डार्वेनची गाठ पडली ती लंडनच्या आर्सेनलशी. म्हणजे १८९९ साली जो त्याच्याच पंगतीला होता त्या संघाशी. आर्सेनल तेव्हा लीगचा विजेता होता, आणि त्याचा अध्यक्ष होता ग्लॉसपचा तोच सॅम्युएल हिल-वुड. निकाल लागला ११–१. बेकारीने पिचलेल्या गावाचा संघ लंडनला गेला, अकरा गोल खाल्ले आणि एक केला. त्या एका गोलाने डार्वेनमध्ये काय आनंद झाला असेल, हे विजेत्यांच्या इतिहासात सापडणार नाही.

आपल्या देशात खालच्या विभागाचा अर्थ आणखी निराळा होता. कलकत्त्याच्या लीगमध्ये पहिला विभाग दीर्घकाळ गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारखाच होता. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण असा पराक्रम करणाऱ्या संघालाही लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १९१४ साली, आणि तोही दुसऱ्या विभागात. १९१५ साली तो पहिल्या विभागात आला. तेथेही किती हिंदी संघ असावेत याला मर्यादा होती. तिच्याशी झगडून ईस्ट बंगाल १९२५ साली वर चढला. १९३३ साली दुसरा विभाग जिंकून आलेल्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे पहिला विभाग जिंकून दाखविला. तेव्हा खालचा विभाग म्हणजे नेहमीच खालच्या दर्जाचा खेळ, असे समजू नये. पुष्कळदा ती केवळ दाराबाहेरची ओसरी असते.

मराठी मुलखात या खेळाचे सर्वांत जिव्हाळ्याचे रूप पाहावयाचे तर कोल्हापुरास जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही संघांची नावेच सांगतात की तेथे फुटबॉल हा कुस्तीच्या मातीतून उगवला आहे. शाहू स्टेडियमवर पेठ पेठेशी खेळते. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर' या संस्थेला २०१६ साली फिफाने विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. आणि आपल्या सुरतेत, २०२३ च्या जानेवारीअखेरीस, डुमसच्या किनाऱ्यावर वाळूतील फुटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती केरळने जिंकली. मी ती पाहावयास गेलो होतो. अनवाणी पायांनी वाळूत धावणारी ती मुले पाहिली आणि मला आपले सर आठवले.

आता त्या धड्याविषयी.

१९६३ साल असावे. मी नववीत होतो. आपल्या शाळेचा फुटबॉल संघ होता, पण बूट कोणाकडेच नव्हते. तापीकाठच्या मोकळ्या जागेत सराव चाले. माझे पाय खेळण्याच्या लायकीचे नव्हते आणि अक्षर बरे होते, म्हणून सरांनी मला नोंदवहीचे काम दिले: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, गोल करणाऱ्याचे नाव. त्या वर्षी आम्ही शहरातील इतर शाळांशी पाच सामने खेळलो. चार हरलो, एक बरोबरीत सोडविला. 'गोल करणाऱ्याचे नाव' हा रकाना जवळजवळ कोराच राहिला.

चौथ्या सामन्यात आम्ही ०–७ असे हरलो. गोलरक्षक माझ्याच चाळीतला, माझा जिवलग मित्र. त्याचे वडील रात्रपाळीला जात, आणि तो शाळेत येण्यापूर्वी बॉबिने भरण्याचे काम करून येई. त्या दिवशी त्याच्या हातांत त्राण नव्हते. संध्याकाळी वहीत लिहिताना मला त्याची दया आली. खरे सांगायचे तर शाळेची लाजही वाटली. मी ७ च्या जागी २ लिहिले. कोण पाहणार होते?

दुसऱ्या दिवशी सरांनी वही पाहिली. रागावले नाहीत. मला जवळ बसवून म्हणाले, "अरे, तू हे कोणासाठी केलंस?" मी मित्राचे नाव सांगितले. सर काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यानं सात वेळा चेंडू जाळ्यातून काढला आणि सात वेळा मधोमध नेऊन दिला. तू त्यातल्या पाच वेळा पुसून टाकल्यास." एवढेच बोलून त्यांनी लेखणी माझ्या हाती दिली. मी २ खोडून ७ केला. खाली सरांनी सही केली.

पुढे मी संशोधन केले, प्रबंध लिहिला, विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकविली. हस्तलिखितातील एखादा अडचणीचा शब्द सोयीच्या शब्दाने बदलण्याचा मोह ज्या ज्या वेळी झाला, त्या त्या वेळी तो खोडलेला २ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पराभव लहान करून लिहिणे ही दया नव्हे. त्या पराभवात ज्याने कष्ट उपसले त्याचे कष्टच आपण त्यामुळे नाकारतो. डार्वेनचे १४१ गोल कोणी तरी त्या काळी प्रामाणिकपणे मोजले आणि लिहून ठेवले, म्हणूनच आज सव्वाशे वर्षांनी सुरतेत बसून आपण त्या अकरा जणांच्या शनिवारांविषयी बोलू शकतो.

आपल्या शाळेची ती वही आता नाही. ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा दप्तराच्या खोलीतील जी कागदपत्रे गेली, त्यांत तीही गेली. माझा मित्रही आता नाही. तो शिक्षण अर्धवट सोडून मागावर गेला आणि तेथेच त्याचे आयुष्य सरले. त्या पाच सामन्यांची सारी नोंद आता माझ्या आठवणीत आहे, आणि माझे वय आपण पाहतच आहात. म्हणून आज हे छापून ठेवण्याच्या निमित्ताने मी ती येथे पुन्हा दाखल करतो: सामने पाच, पराभव चार, बरोबरी एक. चौथा सामना शून्य विरुद्ध सात.

डार्वेनचा मूळ क्लब २००९ साली कर्जापायी विसर्जित झाला, आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी नवा संघ उभा केला. संस्था मोडतात, पण मोकळी दुपार, थोडी जागा आणि निकाल खरा लिहिणारे एखादे माणूस असेल, तर त्या पुन्हा उभ्या राहतात. या तिन्हींपैकी आपल्या मुलांपाशी आज काय आहे, याचा विचार संस्थेने आणि आपण सर्व माजी विद्यार्थ्यांनी करावा, अशी माझी विनंती आहे. आजही या शहरात कित्येक घरांतील वडील बारा तासांच्या पाळीवर जातात, आणि मुलांच्या वाट्याचे मैदान दरसाल थोडे थोडे आक्रसते. सरांचे स्मारक करावयाचे असेल तर ते दगडाचे नको. एक मैदान राखावे, एक चेंडू द्यावा, आणि एक वही ठेवावी. त्या वहीत शाळेचा संघ जिंकलेला दिसलाच पाहिजे, असे मुळीच नाही.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून येथेच थांबतो.